पुण्यातील मानवमितीचा इतिहास : कवटी, चेहरा व दंतकमान यांच्या अभ्यासातील स्थित्यंतरे

प्रास्ताविक

मानवी चेहरा, जबडा व दातांची कमान यांत आढळणाऱ्या भिन्नतेचा अभ्यास हा शारीरिक मानवशास्त्राचा एक जुना विषय आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत राहणारे आयमारा लोक, आफ्रिकेतील खोईखोई, ऑस्ट्रेलियातील आदिवासी अशा अनेक समाजांची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून घेतली गेली. या मोजमापांतून काय सिद्ध करावयाचे, हे मात्र मोजपट्टी वा कॅलिपर यांवर अवलंबून नसते. ते संशोधकाने आधीच मनाशी धरलेल्या प्रश्नावर अवलंबून असते. एकाच कवटीला ‘हा माणूस कोणत्या वंशाचा?’ असे विचारता येते आणि ‘हा माणूस काय खात होता, लहानपणी कितीदा आजारी पडला होता?’ असेही विचारता येते.

पुणे शहराला या विषयाचा सुमारे पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्थेत इरावती कर्वे यांनी सुरू केलेल्या मानवमितीच्या अभ्यासापासून इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन सांगाड्यांच्या दंतपरीक्षणापर्यंत हा प्रवास पसरलेला आहे. वंशनिश्चितीकडून जीवनमानाच्या अभ्यासाकडे झालेले स्थित्यंतर या प्रवासात दिसते. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला असून, ते केवळ परदेशी सिद्धांतांच्या प्रभावाने घडले नाही, तर हाती आलेल्या पुराव्याच्या स्वरूपानेही घडवले, असे प्रतिपादन केले आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी

स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ आंद्रेस रेट्झियस यांनी १८४०च्या दशकात शिरोनिर्देशांकाची कल्पना मांडली. डोक्याच्या रुंदीचे लांबीशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे शिरोनिर्देशांक. एका साध्या भागाकारातून ‘दीर्घशीर्ष’ व ‘लघुशीर्ष’ असे मानवगट पाडता येऊ लागले. पुढे १८८२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे कवटी कोणत्या पातळीत ठेवून मोजावी याविषयी एकमत झाले. डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी ही पातळी आजही दंतवैद्यकात ‘फ्रँकफुर्ट पातळी’ म्हणून वापरली जाते. एके काळी वंशभेद दाखवण्यासाठी निश्चित केलेली रेषा आज वाकड्या दातांच्या उपचारासाठी घेतलेल्या क्ष-किरणचित्रावर आखली जाते, ही गोष्ट बोलकी आहे.

हिंदुस्थानात या शास्त्राचा प्रशासकीय वापर हर्बर्ट रिस्ले यांनी केला. बंगालमधील मोजणीवरून त्यांनी असा दावा केला की जातीचे सामाजिक स्थान व नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते. नाक जितके अरुंद तितकी जात उच्च. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त म्हणून त्यांच्या मतांना शासकीय वजन प्राप्त झाले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथात त्यांनी हिंदी लोकांचे सात प्रकार पाडले आणि महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी यांना ‘सिथो-द्रविडी’ या प्रकारात घातले. शकांच्या आगमनाचा इतिहास व डोक्याची रुंदी यांची सांगड घालून केलेली ही कल्पना होती.

रिस्ले यांच्या मांडणीला भारतीय अभ्यासकांनी दोन दिशांनी आव्हान दिले. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच आकडेवारी तपासून दाखवले की जातीची उतरंड व नासिकानिर्देशांक यांचा संबंध उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही. दुसरीकडे कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी रिस्ले यांच्या आकडेवारीची सांख्यिकीय छाननी केली आणि अनेक मापांचा एकत्रित विचार करून दोन गटांतील अंतर काढण्याची पद्धत १९३६ मध्ये मांडली. एका नाकावरून किंवा एका निर्देशांकावरून समाजाची ओळख ठरवण्याचे दिवस त्यामुळे संपत आले.

बर्लिनमधील प्रबंध

घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम.ए. झालेल्या इरावती कर्वे (१९०५-१९७०) १९२८ मध्ये जर्मनीला गेल्या. बर्लिनच्या दालेम भागातील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकी व सुप्रजननशास्त्र संस्था तेव्हा नुकतीच, १९२७ मध्ये, स्थापन झाली होती. तिचे संचालक ऑयगन फिशर हे जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील रेहोबोथ येथील मिश्र वंशीय समाजावरील १९१३ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झाले होते. पुढे १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणांना त्यांच्या शास्त्राचा आधार मिळाला.

कर्वे यांना दिलेला विषय होता मानवी कवटीची असमरूपता. कवटीची डावी व उजवी बाजू कधीच तंतोतंत सारखी नसते. युरोपीयांच्या कवटीतील असमरूपता ही मेंदूच्या विशिष्ट भागाच्या अधिक वाढीची, पर्यायाने अधिक बुद्धीची खूण असावी, अशी फिशर यांची अपेक्षा होती. कर्वे यांनी १४९ कवट्यांची मोजणी केली. त्यांतील काही कवट्या पूर्व आफ्रिकेतील जर्मन वसाहतीतून आणलेल्या होत्या. मोजणीचा निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध निघाला. असमरूपता सर्वत्र आढळते, परंतु तिचा वंशाशी संबंध दिसत नाही, असे त्यांनी नोंदवले. हा प्रबंध जर्मन भाषेत १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या घटनेचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. ज्या पद्धतीने वंशश्रेष्ठत्व सिद्ध व्हावे अशी अपेक्षा होती, तीच पद्धत प्रामाणिकपणे वापरली असता ते श्रेष्ठत्व निराधार ठरले. परंतु प्रबंधाने उत्तर नाकारले, प्रश्न नाकारला नाही. वसाहतीतील मृतांच्या कवट्या बर्लिनला कशा पोहोचल्या, हा प्रश्न त्या काळच्या मानवशास्त्राने स्वतःला क्वचितच विचारला. तो आज युरोपातील संग्रहालयांना विचारला जात आहे.

डेक्कन कॉलेजातील मानवमिती

१८२१ मध्ये हिंदू कॉलेज म्हणून स्थापन झालेली व पुढे डेक्कन कॉलेज या नावाने नावारूपास आलेली संस्था १९३४ मध्ये बंद पडली होती. १९३९ मध्ये ती संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाली, तेव्हा ह. धी. सांकळिया यांच्याकडे पुरातत्त्व व प्राचीन इतिहास, तर इरावती कर्वे यांच्याकडे समाजशास्त्र हा विषय आला. शेजारशेजारच्या खोल्यांत पुरातत्त्वज्ञ व मानवशास्त्रज्ञ बसत असल्याचा एक परिणाम लवकरच दिसला. गुजरातमधील लांघणज येथे सांकळिया यांना मध्याश्मयुगीन मानवी सांगाडे मिळाले आणि १९४४ च्या मोहिमेत कर्वे स्वतः सहभागी झाल्या. १९४५ मध्ये दोघांच्या नावाने प्राथमिक अहवाल निघाला.

जिवंत माणसांच्या मोजणीचे काम मात्र कर्वे यांनी महाराष्ट्रात केले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील सांख्यिकीतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी केलेले महाराष्ट्रातील मानवमितीचे सर्वेक्षण १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केले. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, चेहऱ्याची व नाकाची मापे ही सारी बर्लिनमध्ये शिकलेली होती. बदलला होता तो प्रश्न. रिस्ले यांना जातीमागे वंश दिसत होता. कर्वे यांच्या मते जात हा एक विस्तारित आप्तगट होता. शेकडो वर्षे आपापसांतच विवाह होत राहिल्याने प्रत्येक पोटजातीचे स्वतंत्र जैविक रूप घडले असावे, असे त्या मानीत. म्हणून मोजणीचा एकक ‘ब्राह्मण’ किंवा ‘मराठा’ हा मोठा समूह नसून ज्याच्यात प्रत्यक्ष सोयरीक होते तो अंतर्विवाही गट असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाचे फलित म्हणजे कैलासचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी १९६८ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला लेख. महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची शारीरिक व जनुकीय लक्षणांवरून त्यात तुलना केली होती. एकाच नावाखाली मोडणारे हे गट जैविकदृष्ट्या एकसारखे नाहीत, असे त्यातून दिसले. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, ही रूढ समजूत त्यामुळे संशयास्पद ठरली. १९६१ च्या ‘हिंदू सोसायटी : ॲन इंटरप्रिटेशन’ या ग्रंथातील त्यांच्या मुख्य सिद्धांताला हा पुरावा पूरक होता.

तथापि कर्वे यांच्या कार्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. जातींचे शरीर मोजण्याजोगे असते, हे गृहीतक त्यांनी कायम ठेवले. ‘युगान्त’मध्ये महाभारतातील पात्रांना देवत्वाच्या आवरणातून मोकळे करून माणूस म्हणून पाहणाऱ्या लेखिकेने आपल्या शास्त्रीय लेखनात मात्र माणसांना गटांच्या सरासरीत बसवले, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.

नेवासे ते इनामगाव

सांकळिया यांच्या पिढीतील उत्खननांनी मानवशास्त्राला नवे साहित्य पुरवले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सांकळिया, शां. भा. देव व झै. दा. अन्सारी यांच्यासह जर्मन मानवशास्त्रज्ञ सोफी एऱ्हार्ट यांचेही नाव आहे. एऱ्हार्ट यांनी नाझी काळात रोमा व सिंती लोकांच्या वांशिक नोंदणीचे काम करणाऱ्या बर्लिनमधील संस्थेत नोकरी केली होती. युद्धानंतर त्या ट्यूबिंगेन विद्यापीठात होत्या. महाराष्ट्रातील साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या कवट्यांचे पहिले वर्णन अशा परंपरेतून आलेल्या अभ्यासकाने करावे, ही बाब पुण्यातील मानवशास्त्राच्या इतिहासात क्वचितच नोंदवली गेली आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकन मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी पुण्यात आले. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी नेवाशाच्या सांगाड्यांवर १९६६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. वंशाचे साचे तयार करून त्यांत प्राचीन कवट्या बसवण्याच्या प्रथेवर केनेडी यांनी पुढे सातत्याने टीका केली. मल्होत्रा यांचाही मार्ग बदलला. पुढे माधव गाडगीळ यांच्यासमवेत त्यांनी नंदीवाले, फासेपारधी व वैदू या भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा व निसर्गाशी असलेल्या संबंधांचा अभ्यास केला. शरीराच्या मापांकडून शरीर ज्या परिस्थितीत जगते तिच्याकडे त्यांचे लक्ष वळले.

या बदलाला निर्णायक वळण दिले ते इनामगावने. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या या स्थळाचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात म. के. ढवळीकर, सांकळिया व अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झाले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन थर येथे मिळाले. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने सापडली. प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून त्यांना पुरलेले होते, तर बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेले होते. दफनांत बालकांचे प्रमाण फार मोठे होते.

येथेच जुनी पद्धत निरुपयोगी ठरली. शिरोनिर्देशांक काढण्यासाठी पूर्ण वाढ झालेली अखंड कवटी लागते. बालकाच्या कवटीची हाडे जुळलेली नसतात. मातीच्या दाबाने ती कुंभातच विखुरतात. टिकून राहतात ते दात, कारण दातावरील दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. शिवाय हाड आयुष्यभर बदलत राहते, दंतवल्क मात्र एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. ते तयार होत असताना मूल आजारी वा उपाशी असेल तर त्याची खूण दातावर कायमची राहते. दुधाच्या सुळ्यावरील दोष जन्माच्या आसपासच्या काळाची, म्हणजे बाळाइतकीच त्याच्या आईच्याही प्रकृतीची, साक्ष देतो.

अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाच व डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे यांनी १९८६ मध्ये इनामगावच्या सांगाड्यांवरील खंड प्रसिद्ध केला. दुधाच्या दातांची रचना, दातांची झीज, किडीचे प्रमाण व दंतवल्कातील दोष यांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. १९९८ मधील त्यांच्या लेखात दुधाच्या सुळ्यांवरील दोषांचा संबंध हवामान व उपजीविकेतील बदलाशी जोडून पाहिला आहे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या ग्रंथात नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांचे वय दातांवरून ठरवून त्या वयाच्या मानाने हाडांची वाढ कितपत झाली होती हे तपासले. बार्ली-गहू पिकवणारे, चौकोनी घरांत राहणारे लोक उत्तर जोर्वे काळात लहान गोल झोपड्यांत का गेले, या ढवळीकरांच्या प्रश्नाला अशा रीतीने बालकांच्या शरीरांतून उत्तर शोधले जाऊ लागले.

दंतकमान : वारसा व जीवनपद्धती

या स्थित्यंतराचा अर्थ आनुवंशिकतेचा विचार सोडून दिला असा नाही. दातांची काही लक्षणे निश्चितच वारशाने येतात. उदाहरणार्थ, पटाशीच्या दातांची आतली बाजू फावड्यासारखी खोलगट असणे हे लक्षण पूर्व आशियात व अमेरिकेतील मूळ रहिवाशांत मोठ्या प्रमाणावर आढळते, युरोपात व दक्षिण आशियात त्या मानाने कमी. लोकसमूहांच्या स्थलांतराचा माग काढण्यास अशी लक्षणे उपयुक्त ठरतात. परंतु त्यांवरून बुद्धी, शील किंवा सामाजिक योग्यता यांविषयी काहीही सांगता येत नाही.

दातांचा आकार मुख्यतः आनुवंशिक असला तरी दात ज्यात बसतात त्या जबड्याची वाढ चावण्याच्या श्रमावरही अवलंबून असते. बालपणी कठीण, भरड अन्न चावणाऱ्याचा जबडा रुंद वाढतो. मऊ अन्नावर वाढलेल्या मुलाच्या अरुंद कमानीत दातांची दाटी होते. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात उत्तर भारतात केलेल्या अभ्यासात ग्रामीण तरुणांपेक्षा शहरी तरुणांत दातांची ठेवण अधिक बिघडलेली आढळली. दोन्ही गटांचा वंश एकच, आहार मात्र निराळा होता.

कवटीबाबतही असेच म्हणता येते. अँडीजमध्ये आयमारांच्या पूर्वजांसह अनेक समाज तान्ह्या बाळाचे डोके पट्ट्या किंवा फळ्यांनी बांधून त्याला विशिष्ट आकार देत. स्पॅनिश सत्तेने सोळाव्या शतकात या प्रथेवर बंदी घातली. महाराष्ट्रातही बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालून डोके हाताने गोल करण्याची व नाक चिमटीने वर काढण्याची रीत घरोघरी होती. तिचा परिणाम अँडीजमधील बांधणीइतका नसला तरी ‘नैसर्गिक’ मानलेल्या आकारावर संस्कृतीचे हात फिरलेले असतात, हे त्यातून ध्यानात येते. १९७० च्या दशकात उत्तर चिलीतील आयमारांचा व्यापक अभ्यास झाला, त्यातही मुख्य प्रश्न वंशाचा नसून उंच, विरळ हवेच्या प्रदेशाशी शरीर कसे जुळवून घेते हा होता. पुणे व अँडीज येथील संशोधनाची दिशा जवळजवळ एकाच काळात बदललेली दिसते.

जुन्या प्रश्नाचे पुनरागमन

हे स्थित्यंतर पूर्ण झाले असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. हरियाणातील राखीगढी येथील सिंधू संस्कृतीच्या दफनभूमीचे उत्खनन वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजच्या पथकाने केले. तेथील दोन व्यक्तींच्या कवट्यांवरून दक्षिण कोरियातील तज्ज्ञांच्या सहकार्याने २०१९ मध्ये संगणकीय पद्धतीने त्यांचे चेहरे साकारण्यात आले. तांत्रिकदृष्ट्या ही मोठी कामगिरी होती. परंतु वृत्तपत्रांतील चर्चा लगेच त्या चेहऱ्यांच्या नाकाकडे वळली आणि आजचे कोणते लोक त्यांचे वंशज, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. कवटीवरील मांसल भागाची जाडी ही आधुनिक लोकांच्या सरासरीवरून घेतली जाते. नाकाचा पुढील भाग कूर्चेचा असल्याने तो उरतच नाही, तो अनुमानाने घडवावा लागतो. दोन चेहऱ्यांवरून संपूर्ण संस्कृतीची ओळख ठरवणे म्हणजे रिस्ले यांचा कॅलिपर संगणकाच्या रूपाने परत आणणे होय.

समारोप

पुण्यातील मानवमितीच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, काटेकोर मोजणी ही पूर्वग्रहाविरुद्ध जाऊ शकते. कर्वे यांचा बर्लिन प्रबंध हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दुसरी, केवळ काटेकोरपणा पुरेसा नसतो. मोजणीचा एकक व प्रश्न बदलल्याशिवाय शास्त्राची दिशा बदलत नाही, आणि हा बदल कधी कधी सिद्धांतापेक्षा हाती आलेल्या पुराव्यानेच घडतो. इनामगावच्या कुंभांतील दुधाचे दात वंशाच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नव्हते, परंतु भूक व आजार यांविषयी पुष्कळ काही सांगू शकत होते. तिसरी, चेहऱ्याविषयीचे कुतूहल समाजात कायम राहते व ते संधी मिळताच वर्गवारीकडे झुकते.

महाविद्यालयीन अध्यापनात इतिहास, समाजशास्त्र व जीवशास्त्र हे विषय वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात. त्यामुळे शिरोनिर्देशांकाची व्याख्या एका वर्गात, जातिव्यवस्थेची मीमांसा दुसऱ्या वर्गात आणि जोर्वे संस्कृती तिसऱ्या वर्गात राहते. डेक्कन कॉलेजच्या परिसरात घडलेला हा इतिहास या तिन्हींना एकत्र आणतो. विद्यार्थ्यांना मापे कशी घ्यावीत हे शिकवताना ती कोणी, कोणाची व कशासाठी घेतली हेही शिकवणे आवश्यक आहे. इनामगावच्या शेतकऱ्यांनी आपली बालके घराच्या जमिनीखाली, अगदी जवळ पुरली होती. त्यांच्या दातांवरून त्या घरातील अन्नटंचाई वाचता येते, हे या शास्त्राचे खरे सामर्थ्य आहे. त्यांना श्रेष्ठ-कनिष्ठाच्या कोष्टकात बसवण्याची गरज त्यासाठी पडत नाही.